कच्च्या खाण्याचा सहावा आठवडा, आणि भूक हिशेबात बसेना

रोजकीर्द, सांगली

मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर हिशेबनीस आहे. वय 47. दिवाळीनंतर तपासणी केली तर तीन महिन्यांची साखर 6.1 निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही अजून, पण उंबरठ्यावर आहात. गोळी दिली नाही, वजन उतरवा म्हणाले. तेव्हा 84 किलो होतो. मेहुण्यानं कुठल्यातरी शिबिरात कच्च्या आहाराचं ऐकलं होतं. त्यानं स्वतः दोन आठवड्यांत सोडलं, पण तोवर मला चिकटवून झालं होतं.

संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुरता गॅस बंद. फळं, काकडी, गाजर, टोमॅटो, मोड आलेले मूग-मटकी, ओलं खोबरं, बेदाणे. चहासुद्धा नाही. वजन आता 79. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार भुकेची आहे.

पहिल्या आठवड्यात परातभर कोशिंबीर समोर घ्यायचो आणि निम्म्यातच पोट टम्म. चावून चावून जबडा दुखायचा, अर्धा तास जायचा. दीडला एवढं खायचं आणि तीनला परत असं, की सकाळपासून अन्नाचा कण नाही. एकदा सौदे आटोपून पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाची बिलं) लिहीत होतो तर हात थरथरायला लागला, आकडा दोनदा खोडला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात नुसता गॅस (मटकीची कृपा). तिसऱ्यात भूकच गायब, सकाळी अकरापर्यंत आठवणसुद्धा नाही. म्हटलं, जिंकलो. चौथ्यात ती परत आली, पण वेगळीच. रात्री साडेनऊला येते, पोट भरलेलं असताना येते. शेजारी लसणाची फोडणी पडली की डोळ्यांत पाणी येतं, खोटं नाही सांगत.

मधे मित्रांनी हुरड्याला नेलं. आगटीभोवती सगळे बसलेत, गोवऱ्यांचा धूर, गरम हुरडा हातावर चोळतायत, शेंगदाण्याची चटणी फिरतेय, आणि मी बाजूला पेरू खात. गंमत बघा, ज्या हळदीवर माझं घर चालतं ती तरी कुठं कच्ची येते यार्डात? कंद काढले की आधी शिजवतात, मग वाळवतात, मग पॉलिश.

बायको म्हणते, "ताटात भाकरी नसली की तुम्ही जेवून उठत नाही, नुसते उठता." तिचं वाक्य डोक्यातून जात नाही. ही भूक बसते का कधी? की जन्मभर अशीच? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. "मनावर ताबा ठेवा" हे मेहुण्याकडून ऐकून झालंय.

वडापवाला, मिरज

साहेब, शेळी दिवसभर का चरते ते कळलं का आता?

रोजकीर्द, सांगली

कळलं. पण शेळीला निवांत रवंथ करता येतं, पट्ट्या लिहाव्या लागत नाहीत.

घाटमाथा, कराड

दादा, मी आठ महिने केलंय, त्यामुळं बोलायचा हक्क आहे.

तुमच्या यादीत शेंगदाणेच नाहीत. मीपण हाच घोळ घातला होता. पोट भरणं वेगळं आणि अंगाला मिळणं वेगळं. तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून आकड्यात सांगतो. ज्वारीची एक बेताची भाकरी साधारण सव्वादोनशे कॅलरीची. तेवढंच काकडीतून काढायचं तर दीड किलो काकडी खावी लागेल. आपण दोन काकड्या खातो, पोट पाण्यानं तट्ट फुगतं, आणि पाणी उतरलं की मागं काही राहत नाही. तीनची थरथर तिथली असणार. तेवढ्याच कॅलरी 40 ग्रॅम शेंगदाण्यात मिळतात. मी दुपारी भिजवलेले मूठभर शेंगदाणे आणि दोन केळी घ्यायला लागलो आणि चार दिवसांत फरक पडला.

रात्रीच्या भुकेचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. चौथ्या महिन्यात होळी झाली तरी मी स्वेटर घालून बसायचो, हात गार. आई म्हणायची, तुझ्यातली चूलच विझलीय. शेवटी रात्रीचं जेवण शिजवलेलं सुरू केलं, दिवसा अजून कच्चंच असतं. एक गोष्ट मात्र कायमची बदलली, जिभेची. पूर्वीचा चहा आता पाक वाटतो आणि हॉटेलची भाजी खारट लागते.

द्राक्षबाग, तासगाव

बेदाणे किती खाताय रोज? मी पिकवणारा माणूस, खाऊ नका म्हणून माझ्याच पोटावर पाय कशाला देईन? पण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो. अर्धा किलो द्राक्षं खाल्लीत तर पोट सांगतं, बास. त्यातली सगळी साखर सव्वाशे ग्रॅम बेदाण्यात असते, तीन-चार मुठी. टीव्ही बघता बघता संपतात, पोटाला पत्ता नसतो. तुमचं मूळ दुखणंच साखरेचं आहे म्हणून बोललो.

आणि कच्चा म्हणाल तर विस्तव लागत नाही हे खरं, सावलीत शेडवर जाळीवर वाळतो. पण आधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो, पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात. धुऊन खा. मेहुण्याला सांगू नका, त्याचा धर्म बाटेल.

सिस्टर, सातारा

सरकारी दवाखान्यात 31 वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. थोडं रागावून लिहिणार आहे.

हात थरथरला तेव्हा साखर मोजली होती का? नाही ना. परत झालं तर आधी मोजा, मग लिहा. गोळी चालू नाही हे बरं. मधुमेहाची गोळी चालू असताना असले प्रयोग करणाऱ्याला घाम फुटून खाली पडलेलं मी पाहिलंय.

आता भुकेचं. जठर ताणलं गेलं की तिथल्या नसा मेंदूला कळवतात, "भरलं". पाणी आणि चोथा ते काम लवकर करतात, म्हणून परातीच्या निम्म्यातच टम्म. पण पोट हळूहळू रिकामं व्हायला स्निग्ध आणि प्रथिनं लागतात. ती नसली की निरोप लवकर खोटा ठरतो. दुसरं म्हणजे जठरातून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक सुटतं, आणि ते तुमच्या रोजच्या जेवणाच्या वेळेला शिकलेलं असतं. दीडला भूक लागते त्यातली काही पोटाची, काही घड्याळाची. ती नव्या वेळेला वळते, धीर धरा. तिसरं मात्र वळत नाही. पाच किलो चरबी गेली की लेप्टिन, म्हणजे चरबीतून सुटणारं भूक आवरणारं संप्रेरक, कमी होतं आणि शरीर गेलेलं परत मागतं. हा मनाचा दुबळेपणा नाही. मेहुण्याला वाचून दाखवा.

धान्य आणि कडधान्यातला पिठूळ भाग शिजल्यावर फुलतो, मग आपल्याला नीट पचतो. मोडांनी थोडं काम होतं, सगळं नाही. राजमा तर मोड आणूनही कच्चा तोंडात घालू नका, उलट्या-जुलाब होतात, तो खळाखळा उकळावाच लागतो. मटकीचे मोड दोन-तीनदा धुवा, वास बदलला तर टाका. आणि कच्चं म्हणून कुणी धारोष्ण दूध सुचवलं तर हात जोडा, त्यातून ब्रुसेलोसिस नावाचा तापाचा आजार होऊ शकतो. हे फार महिने चालवणार असाल तर बी-12 तपासा, वनस्पतीतून ते मिळत नाही.

घरात मुलगी किंवा बायको तुमच्याबरोबर हे करत नाही ना? जर्मनीत कच्चं खाणाऱ्यांचा 1999 साली अभ्यास झाला होता. त्यातल्या 45 वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे 30 टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीर आधी अशा गोष्टींत काटकसर करतं.

रोजकीर्द, सांगली

नऊ दिवसांनी लिहितोय. सिस्टर, रागावलात ते बरं केलंत. घरात मी एकटाच वेडा आहे, मुलगी भडंग खाते माझ्यासमोर बसून.

एक वही घातली. भूक लागली की वेळ आणि जागा लिहायची: पोटात, हातापायांत की तोंडात. आडतीवर बसून दुसरं काय सुचणार. पहिल्या दोन दिवसांतच दिसलं की दीडची भूक बरोबर एक पंचविसाला येते, शेजारच्या गाळ्याच्या हमालांनी डबे उघडले की. रविवारी सासुरवाडीला शेतात होतो, तिथं तीन वाजेपर्यंत आली नाही. दीडला शेंगदाणे सुरू केल्यापासून थरथर नाही. साखरेचं मापक घेतलंय, मोजायची वेळच आली नाही. बेदाणे वजन करून बघितले, रोजचे 90 ग्रॅम निघाले! तासगावकर, आता मोजून वीस.

रात्रीची सगळ्यात अवघड. तिच्यापुढं मी वहीत "तोंड" लिहायचो. मंगळवारी काही नाही म्हणून नुसतं गरम पाणी पेलाभर प्यायलो, आणि निम्मी भूक गेली. खोटं वाटेल, पण पोटाला नुसती ऊब हवी होती. मेहुणा म्हणतो गरम पाणी नियमात बसत नाही. त्याचा फोन ठेवून दिला.

उरलेल्या निम्मीला इलाज नव्हता. शुक्रवारी बायकोनं न विचारता एक भाकरी आणि वाटीभर आमटी पुढं ठेवली. पहिला चतकोर नुसताच खाल्ला, कोरडा. ज्वारी एवढी गोड असते हे माहीत नव्हतं. पूर्वी दोन भाकऱ्या खायचो, परवा पाऊण भाकरीवर थांबलो आणि ढेकर आला. गेल्या सहा आठवड्यांत ढेकर आल्याचं आठवत नाही. बायको काही बोलली नाही, ताट उचलून गेली.

आता घाटमाथ्याप्रमाणं दिवसा कच्चं, रात्री एक भाकरी. साखर एप्रिलमध्ये परत तपासायची आहे, आकडा इथं टाकतो.

एक विचारायचं राहिलं. दुपारच्या काकडीबरोबर ठेचा हवा असतो. मिरची आणि शेंगदाणे न भाजता वाटून बघितले तर नुसतं दुधाळ आणि उग्र लागतं. न भाजता ठेचा कुणाला जमलाय का?