बंद पडलेले स्की-उतार आणि आपल्या खाणी: तिथे भटकावं का?

रानवाट, साखळी
जेरेमी डेव्हिस यांनी 1998 मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या बंद पडलेल्या स्की-जागांची नोंद सुरू केली. आज त्या यादीत शेकडो नावं आहेत. बऱ्याच जागा अगदी छोट्या. शेतकऱ्याची टेकडी, जुन्या मोटारीचं इंजिन आणि त्यावर फिरणारा दोर. तो धरून वर जायचं, घसरत खाली यायचं. पुढे काही हिवाळे बर्फाविना गेले, विमा महागला, हमरस्ते झाल्यावर लोक मोठ्या डोंगरांकडे वळले. आता तिथे रान आहे. तरी जुन्या झाडीत कोवळ्या झाडांचा सरळ पट्टा दिसतो आणि एखाद्या खोडावर दोराचं गंजलेलं चाक सापडतं.

हे जाऊन पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या गोव्यातल्या बंद लोहखनिज खाणींचीही अशीच नोंद हवी. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर खनिज वाहणाऱ्या किती बार्ज भंगारात गेल्या, कोणी लिहून ठेवलं?

कुळागरकार, पिसुर्ले
साफ विरोध. खाणींचे खंदक पाण्याने भरलेत, पावसात कडा ढासळतात. फोटो काढायला आलेला पोरगा आत पडला तर शोधायला गावच धावणार. शिवाय जपायचं काय? डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यांची, माती शेतात उतरली, ती अजून निघालेली नाही. फ्रान्समध्ये ‘माउंटन विल्डरनेस’चे स्वयंसेवक स्कीच्या निकामी लिफ्ट उपटून डोंगर मोकळा करतात. मला ते पटतं.

भूगोलबाई, फोंडा
सगळंच उपटलं तर पुरावा कुठे राहील? बोलिव्हियातलं चाकालताया 5,300 मीटरच्या वर. तिथली हिमनदी 2009 पर्यंत संपली आणि स्कीइंगही. तिथली इमारत पाहिल्याशिवाय त्या उघड्या दगडांवर लोक स्की करत होते, हे माझे विद्यार्थी मानणार नाहीत.

पण रानवाट, खाणी ‘सोडून दिलेल्या’ नाहीत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयामुळे त्या बंद झाल्या. लिलावानंतर 2024 मध्ये डिचोलीत काम परत सुरूही झालं. तिथे हौसेने शिरणं म्हणजे घुसखोरीच.

ट्रकवाल्याचा मुलगा, कुडचडे
खाणी बंद झाल्यावर आमचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते चालूच राहिले. तुम्ही यंत्रांचे फोटो काढाल. त्यात माझा बाबा कुठे असेल?

रानवाट, साखळी
कुळागरकार, खंदकात कोणी उतरू नये, हे मान्य. पण सगळं मोकळं करायच्या आधी नोंद व्हायलाच हवी, यावर मी ठाम आहे. न्यू इंग्लंडची यादीसुद्धा नुसती भटकून झालेली नाही. लोकांच्या आठवणी, जुनी पत्रकं, घरचे फोटो त्यात आहेत. कुडचडेकर, तुमच्या बाबांपासूनच सुरुवात करूया. फेऱ्यांच्या चिठ्ठ्या, ट्रकचे कागद घरात असतील तर फेकू नका. ते बोलायला तयार असतील तर मी रेकॉर्डर घेऊन येतो. आणि कुळागरकार, तुमच्या शेतातल्या मातीची हकिगतही त्याच नोंदीत यायला हवी.

कुळागरकार, पिसुर्ले
शेत दाखवीन. खंदकाकडे नेणार नाही.