घरप्रार्थनेतलं मनन: खमिराचा दाखला विरजणावरून सांगता येईल का?

वानवडीकर

जय ख्रिस्त.
डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या घरप्रार्थनेत दहा मिनिटांचं मनन माझ्याकडे आहे. वचन मत्तय १३:३३, खमिराचा दाखला: स्वर्गाचं राज्य हे एका स्त्रीने तीन मापे पिठात लपवलेल्या, पीठ फुगवणाऱ्या खमिरासारखं आहे. ऐकायला आजी-आजोबा, नोकरीवरून थेट येणारे, आठ-दहा वर्षांची मुलं आणि शेजारची दोन हिंदू कुटुंबं असतील. 'खमीर' हा शब्द शास्त्राबाहेर आमच्याकडे कुणाच्याच तोंडी नाही, म्हणून रोजच्या स्वयंपाकातलं काही घ्यावं म्हणतोय. डोक्यात तीन गोष्टी आहेत: इडलीचं पीठ, बेकरीतला पाव आणि दह्याचं विरजण. यातलं दाखल्याला खरोखर धरून काय आहे? उदाहरण ओढूनताणून बसवल्यासारखं वाटू नये, यासाठी काय तपासायचं? आणि प्रत्यक्ष काही दाखवायचं असेल तर कसं?

मननवही

जय ख्रिस्त, भाऊ. आधी उदाहरण निवडून मग ते वचनाला चिकटवायला गेलं की ओढाताण होतेच. उलट्या बाजूने या. वचन तीनदा मोठ्याने वाचा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. इथे स्त्री खमीर घेते, पिठात लपवते आणि सगळं पीठ फुगतं. एवढंच आहे. मग तुमच्या तिन्ही वस्तू या तीन क्रियांवर घासून बघा.

इडलीचं पीठ पहिल्याच क्रियेला अडतं. तांदूळ-डाळ भिजवून वाटून ठेवली की ती आपली आपण आंबते, बाहेरून कुणी काही घालत नाही. दाखल्यात मात्र बाहेरून आणून आत ठेवण्यालाच महत्त्व आहे. पाव चालेल, पण आज बेकरीत पाकिटातलं यीस्ट वापरतात आणि ते ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. येशूच्या काळातलं खमीर म्हणजे आदल्या वेळच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा. कालच्यातलं थोडं घेऊन आजच्यात घालायचं. पुण्याच्या घरात हे तंतोतंत जिथे रोज घडतं ती जागा म्हणजे विरजण. तेच घ्या.

आता ज्यावर सहसा कुणी थांबत नाही ते सांगतो. 'तीन मापे' वाचून आपण पुढे जातो. ते माप साधारण १३ लिटरचं. तीन मापे म्हणजे जवळजवळ ४० लिटर पीठ, वजनात वीस किलोच्या वर. किलोभर कणकेच्या तीसेक पोळ्या धरा, म्हणजे सहाशे पोळ्यांचं पीठ! एका घराचं हे जेवण नव्हे, शंभरावर पानं उठतील. उत्पत्ती १८:६ मध्ये तीन पाहुणे आल्यावर अब्राहाम सारेला तीनच मापे सपीठ मळायला सांगतो, ते माप हेच. आजींना आकडा सांगू नका, पोळ्या सांगा. वीस किलोचं पोतं आणि त्यात लिंबाएवढा गोळा, हे चित्र त्या क्षणात पकडतील.

दुसरं क्रियापद 'लपवणे'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आत दडवून ठेवणे असाच आहे. कणीक मळताना आपण कधी 'लपवली' म्हणत नाही, म्हणजे हा शब्द मुद्दाम आलाय. दहा मिनिटांत एकाच शब्दावर उभं राहायचं असेल तर याच्यावर राहा.

जमल्यास दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्ण छापून आलं. साध्या बायकांना वाचून कळावं हा त्यांचा ध्यास होता. मननाची भाषा कशी असावी यासाठी केडगावचा (रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा) हा धडा आपल्याला घरचाच आहे.

शब्बाथशाळा शिक्षिका

प्रात्यक्षिकाबद्दल लिहिते, कारण ते फसलं की मुलांना फक्त फसलेलं लक्षात राहतं.

एकाच पातेल्यातलं उकळलेलं दूध दोन सारख्या काचेच्या वाट्यांत घ्या. एकीत विरजण, दुसरी नुसती. दोन्ही झाकायच्या. सुरुवातीला मुलांना विचारा, विरजण कुठल्या वाटीत आहे? दोन्ही पांढरी, वरून काहीच कळत नाही. बस्स, 'लपवणे' शिकवून झालं. वाट्या परत झाका आणि शेवटपर्यंत हात लावू नका, नाहीतर दहा मिनिटं सगळ्यांचं लक्ष वाटीत. अखेरीस दोन्ही तिरप्या करा. एक हलते, एक हलत नाही.

पुण्यातल्या डिसेंबरात हे जमवायचं तर सकाळी नऊ-साडेनऊलाच लावावं लागेल. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागणारं दही थंडीत आठ ते दहा तास घेतं. दूध कोमट हवं: करंगळी बुडवून दहा अंक मोजेपर्यंत सोसवेल इतपत. त्याहून गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि संध्याकाळी हातात पातळ पाणी येतं. गार दुधात घातलं तर लागतच नाही, किंवा तार सुटते. अर्धा लिटरला उन्हाळ्यात अर्धा चमचा पुरतो, थंडीत एक भरून घ्या आणि आधी चमचाभर दुधात फेटून मग मिसळा, म्हणजे गुठळी राहत नाही. वाटी जाड टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा. मधे उघडून बघायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही. जास्त विरजण घातलं की लवकर लागेल असं वाटतं, पण ते आंबट होतं आणि पाणी सोडतं.

साधी वाटीसुद्धा तशीच झाकून, पण वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकच चमचा दोन्हीत फिरवला तर दुसरीतही दही लागेल. हे अगदी नेहमी होतं.

जुना वाचक

वरचं सगळं पटतं, पण एक अडचण कुणी काढली नाही. मराठीत 'विरजण पडणे' म्हणजे उत्साहावर पाणी पडणे. तुम्ही 'देवाचं राज्य विरजणासारखं आहे' म्हणालात की निम्म्या माणसांच्या मनात आधी हाच अर्थ उमटणार. शेजारच्या कुटुंबांच्या तर नक्कीच.

माझ्या मते हे टाळू नका, इथूनच सुरुवात करा. कारण येशूच्या श्रोत्यांनाही हाच धक्का बसला असणार. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी सात दिवस घरात खमीर ठेवायचं नाही, पहिल्याच दिवशी ते घराबाहेर काढायचं, अशी आज्ञा निर्गम १२:१५ मध्ये आहे. मत्तय १६:६ मध्ये येशू स्वतः परूशी व सदूकी (त्या काळचे यहुदी धर्मगट) यांच्या खमिरापासून जपायला सांगतो. पौल १ करिंथ ५:६-८ मध्ये जुनं खमीर काढून टाका म्हणतो, गलती ५:९ लाही तोच सूर. म्हणजे जो शब्द बहुतेक वेळा बिघाडासाठी येतो, तोच येशूने इथे राज्यासाठी वापरला. आपल्याकडे विरजणाच्या वाट्याला म्हणीत एक अर्थ आणि स्वयंपाकघरात दुसरा. हुबेहूब तीच गंमत. हा योग दुसऱ्या कुठल्या भाषेत इतका सहज मिळेल असं वाटत नाही, मराठी माणसाने तो सोडू नये.

मात्र यातून 'खमीर म्हणजे नेहमी पाप' असा नियम काढून मत्तय १३:३३ उलटं वाचणारेही भेटतील. राज्यात शिरलेला भ्रष्टपणा, असा अर्थ ते लावतात. त्यांना शांतपणे आधीची दोन वचनं दाखवा. मोहरीचा दाखला जोडीनेच आलाय, आणि तिथे झाडावर पाखरं राहायला येतात ते चांगलंच आहे. संदर्भ बघितला की वाद तिथेच मिटतो.

आणि कृपा करून स्त्री म्हणजे मंडळी, तीन मापे म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा, असं काही जुळवू नका. वचनात त्याला आधार नाही. एकदा असं जुळवायला लागलो की मग पीठ कोण, परात कोण, याला अंतच राहत नाही.

वानवडीकर

सर्वांचे मनापासून आभार. 'विरजण पडणे' माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, सुरुवात आता तिथूनच. शेवट मी असा योजला होता: 'आपणही आपल्या सोसायटीत, ऑफिसात खमीर होऊ या.' हे बरोबर आहे ना?

मननवही

नाही भाऊ. इथे थांबाच. या वचनात खमीर म्हणजे तुम्ही-आम्ही नाही, राज्य आहे. 'तुम्ही' असं येशू म्हणतो ते मत्तय ५:१३-१४ मध्ये, मीठ आणि प्रकाश यांच्याबद्दल. दोन्ही वचनं एकात मिसळली की आश्वासनाचा हुकूम होतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला आणखी एक काम मिळतं, आणि ज्या गोष्टीने त्याला धीर आला असता ती हातातून निसटते. मननात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे आणि ती भल्या हेतूने होते, म्हणून लक्षातही येत नाही.

धीर कशाचा, हे लूकमधून दाखवता येईल. लूक १३:२०-२१ ला हाच दाखला आहे, पण त्याआधी काय घडतं ते १०व्या वचनापासून वाचा. अठरा वर्षं कंबरेत वाकलेली एक बाई सभास्थानात येते, येशू तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, कारण तो शब्बाथ होता. त्यावर उत्तर दिल्यानंतर येशू मोहरी आणि खमीर सांगतो. रोमी साम्राज्याच्या मानाने एका बाईची पाठ सरळ होणं केवढीशी गोष्ट! पीठ वीस किलो, खमीर लिंबाएवढं. हे दृश्य दोन मिनिटं सावकाश सांगा, त्यावर वेगळं विवेचन लागणार नाही.

लूक वाचण्याचा आणखी एक उपयोग आहे. मत्तय 'स्वर्गाचे राज्य' म्हणतो, लूक 'देवाचे राज्य'. पहिला शब्द ऐकून शेजारच्या लोकांना मेल्यानंतरची गोष्ट वाटते. 'देवाची सत्ता चालते ते' असं एकदा साध्या शब्दांत सांगा आणि पुढे जा. 'तारण', 'पाचारण', 'अभिषेक' हे शब्द त्या दिवशी बाजूला ठेवलेत तरी चालेल.

लागूकरण करायचंच तर प्रश्न म्हणून ठेवा आणि एकच ठेवा. उदाहरणार्थ: ज्या माणसासाठी किंवा घरासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करूनही वरून काहीच बदल दिसत नाही, असं कोण आहे? नाव मनात घ्यायला अर्धा मिनिट शांतता द्या. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. नक्की फळ येईल, अमुक दिवसांत येईल, असं बोलून बसू नका. वचन 'सगळं फुगेपर्यंत' म्हणतं, किती वेळ लागेल ते सांगत नाही.

लिहून काढणार असाल तर नऊशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. मिनिटाला शंभर शब्द हा बऱ्यापैकी सावकाश वेग झाला, आणि वाट्या दाखवायलाही वेळ जातो.

जुना वाचक

शेवटाबद्दल एक सुचवतो. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची वाट आहे. पूर्वरंगात वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी फिरून मूळ पदावर येणं. दहा मिनिटांच्या मननालाही हा साचा उत्तम बसतो: विरजणाची म्हण आणि वचन आधी, लूकमधली वाकलेली बाई नंतर, आणि अखेरीस नुसतं वचन पुन्हा एकदा वाचणं. त्यावर बोलणं नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) भजनं बहुतेक सर्वांना पाठ असतात, त्यातलं एखादं लगेच उचललं तर टाळ वाजायला लागतात आणि सभा आपोआप प्रार्थनेत जाते. गाणारे कोण आहेत ते आधी विचारून स्वर ठरवून ठेवा. आयत्या वेळी पट्टी शोधण्यात सगळा निवांतपणा मोडतो.

वानवडीकर

'खमीर होऊ या' काढून टाकलं. शेवटचा प्रश्न शिक्षिकाताईंना: प्रार्थना यावेळी कोंढव्यात आहे, मी दुचाकीवर जाणार. घरी लावलेली वाटी नेता येईल का?

शब्बाथशाळा शिक्षिका

नका नेऊ. वाटेतल्या गतिरोधकांवर दही मोडतं, कडेने पाणी सुटतं आणि वाटी तिरपी केली की दोन्ही वाट्या हलताना दिसतात. ज्यांच्या घरी प्रार्थना आहे त्या ताईंना आदल्या दिवशी फोन करून सकाळी त्यांच्याकडेच लावायला सांगा. त्यांच्या हाताला त्यांच्या घरातली ऊब माहीत असते, त्यामुळे चुकायची शक्यताही कमी. कुठल्या वाटीत विरजण घातलंय ते त्यांनी तुम्हालासुद्धा सांगू नये. म्हणजे मुलांना विचारताना तुमचा चेहरा फितूर होणार नाही. विरजण ताजं, फार तर आदल्या दिवशीचं हवं. चार दिवस फ्रिजमध्ये पडलेलं आंबट दही असेल तर शेजारणीकडून चमचाभर मागून घ्यायला सांगा.