पुराव्याआधीच दिलेला मथळा

रात्रपाळी :
बावीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. परवा कपाट आवरताना कात्रणांची वही हाताला लागली. त्यातली दोन कात्रणं डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून विचारतोय.

पहिलं १३ फेब्रुवारी २०१२ चं. काळ्या अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन ११ तारखेच्या दुपारी बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलात गेल्या. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती, अंक छापून बाहेर पडला होता. म्हणजे विचार करायला मला अख्खा रविवार मिळाला. मृत्यूचं कारण अजून कळलेलं नाही, असं वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुरात, म्हणजे कॉपीत, स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी माझा मथळा: ‘नशेने घेतला सुरेल आवाजाचा बळी’. तीन कॉलम. इंट्रोत कोकेन, घटस्फोट, उतरती कळा. सहा ग्रॅमी सातव्या परिच्छेदात.

दुसरं ३ फेब्रुवारी २०१४ चं. गोरे अमेरिकन अभिनेते फिलिप सीमोर हॉफमन. बाहेरगावची डाक आवृत्ती गेलेली, शहर आवृत्तीचं पान सुटायला जेमतेम पाऊण तास. न्यूयॉर्कमधल्या घरात सापडले, दंडात सुई तशीच, हेरॉइनचा संशय. हे सगळं कॉपीच्या सुरुवातीलाच होतं. मी मथळा दिला, ‘कसदार अभिनेता हरपला’. ऑस्कर, रंगभूमी, तीन लहान मुलं. सुई शेवटून दुसऱ्या परिच्छेदात नेऊन ठेवली.

कारण माहीत नव्हतं तिथे मी नशा मथळ्यात घातली आणि सुई समोर होती तिथे ती झाकली. आणखी एक. बातमीत त्या ‘मृतावस्थेत आढळली’, आणि ते ‘हॉफमन यांचे निधन’.

मला कुणी असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. कातडीचा रंग तेव्हा मनातही आला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग हे कुठून आलं? रंगामुळेच का?

एडिसनकरीण :
काका, मी न्यू जर्सीत फार्मसीत काम करते, नेवार्कपासून फार लांब नाही. नेवार्क म्हणजे व्हिटनीचं जन्मगाव. १८ फेब्रुवारीला तिथल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिचा अंत्यविधी झाला. लहानपणी ती तिथेच गायची. तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी त्या दिवसासाठी राज्यातल्या सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर आणायला सांगितले, तर केवढा गहजब! औषध न्यायला आलेले एक आजोबा काउंटरवर हात आपटून मला विचारत होते, नशा करणाऱ्या बाईसाठी झेंडा? त्यांच्या पिशवीत मी त्याच क्षणी ऑक्सिकोडोनची बाटली ठेवत होते, पाठदुखीची. अफूच्याच जातीचं, सवय लावणारं औषध ते. क्रिस्टींनी माघार घेतली नाही. व्यसन होतं म्हणून तिने केलेलं चांगलं काम पुसलं जात नाही, असं ते जाहीरपणे म्हणाले. पुढच्याच आठवड्यात एका टॅब्लॉइडने शवपेटीतल्या तिच्या चेहऱ्याचा फोटो पहिल्या पानावर छापला.

कुठून आलं, विचारताय ना? माझ्या मते ‘क्रॅक’ या शब्दातून. क्रॅक हे काही वेगळं द्रव्य नाही. कोकेनच ते, खाण्याच्या सोड्याबरोबर शिजवलेलं. पण १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं कैद होती, आणि तेवढीच कैद व्हायला कोकेनची पूड लागायची ५०० ग्रॅम. क्रॅकचे खटले बहुतेक काळ्या लोकांवर. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एक झालं, बरोबरी तेव्हाही झाली नाही. २००२ च्या टीव्ही मुलाखतीत व्हिटनीने बाकीची व्यसनं कबूल केली, पण क्रॅक स्वस्त असतं, आपण ते ओढत नाही, असं निक्षून सांगितलं. लोकांनी त्या वाक्यावर वर्षानुवर्षं विनोद केले. मला तर त्यात भीती ऐकू येते. तो शब्द एकदा चिकटला की काय होतं, हे नेवार्कच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. तुमच्यापर्यंत आलेली कॉपी याच हवेत लिहिलेली होती.

शंका_आहेच :
सगळं रंगावर ढकलू नका. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाऊस गोरी होती. ती जिवंत असताना ब्रिटिश टॅब्लॉइडवाल्यांनी तिच्या फाटक्या चपला आणि रक्ताळलेले पाय छापले. उलट अमेरिकन गायक प्रिन्स काळा. २०१६ मध्ये फेंटानिल या अफूच्या जातीच्या जालीम वेदनाशामकाने गेला, तर शहरं जांभळ्या दिव्यांनी उजळली. मला इथे बाई-पुरुष दिसतं. आणि ‘आढळली’चं म्हणाल, तर आपली वर्तमानपत्रं एकूण एक नटीला एकेरीत बोलावतात.

जुना_श्रोता :
मग दोन्ही बायकाच घेऊ.

बिली हॉलिडे, काळी जॅझ गायिका. १९४७ मध्ये हेरॉइनसाठी तुरुंग, सुटून आल्यावर न्यूयॉर्कचं कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबात गाण्याचा परवाना, गेलं. म्हणजे जिथे दारू मिळते अशा कुठल्याही क्लबात गायची बंदी. गाणाऱ्या बाईचं पोटच बांधलं की हो. १९५९ च्या उन्हाळ्यात यकृत निकामी होऊन मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलात पडली, तर पोलिसांनी खाटेवरच अटक केली आणि खोलीच्या दाराशी पहारा बसवला. १७ जुलैला गेली, ४४ व्या वर्षी.

जूडी गार्लंड, गोरी गायिका-अभिनेत्री. पोरवयापासून गोळ्या. स्टुडिओच द्यायचा, असं ती स्वतः सांगायची. २२ जून १९६९ ला लंडनमध्ये गेली, ४७ व्या वर्षी. गोळ्या जास्त झाल्या, पण अनवधानाने, असा कॉरोनरचा, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, निर्वाळा. न्यूयॉर्कमध्ये अंत्यदर्शनाला हजारोंच्या रांगा. तिच्या दाराशी शिपाई कुणी उभा केला नाही.

जूडीला जी माया मिळाली ती योग्यच होती. माझ्याकडे दोघींच्या तबकड्या शेजारी शेजारी आहेत. बिलीच्या शेवटच्या वर्षांतला तो खरखरीत झालेला आवाज लागला की आमच्या घरात अजूनही कुणी बोलत नाही.

रात्रपाळी :
तिघांचेही आभार.

शंका, तुमचं ऐकून वहीत एमीचं कात्रण शोधलं. तीही ‘आढळली’च आहे. तेव्हा एकेरीचं पाप बाईपणाच्या खात्यावर, मान्य. पण मथळा बघा: ‘अवघ्या २७ व्या वर्षी गायिकेची अखेर’. तिच्याही मृत्यूचं कारण त्या दिवशी कळलेलं नव्हतं, तिचं व्यसनही जगाला ठाऊक होतं. तरी नशा मथळ्यात नाही, आणि ‘अवघ्या’ मी स्वतःहून जोडलं होतं, कॉपीत नव्हतं. प्रिन्सचं व्यसन तो जाईपर्यंत बाहेर फुटलंच नव्हतं. माझ्या हाताशी तयार गोष्ट नव्हती, म्हणून ती लिहिली गेली नाही. व्हिटनीची गोष्ट मात्र दहा वर्षं आधीपासून तयार होती. एडिसनकरीण म्हणते ती हवा हीच असणार.

व्हिटनीच्या मृत्यूचा अहवाल २२ मार्चला आला: बुडून मृत्यू, हृदयविकार आणि कोकेन हे त्याला हातभार लावणारे घटक. म्हणजे मी अगदीच खोटं छापलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. पण १२ फेब्रुवारीला मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी लिहिलं.

आज त्या कात्रणाखाली पेन्सिलीने लिहिलं: ‘व्हिटनी ह्यूस्टन यांचे निधन, कारण अद्याप अस्पष्ट’. अक्षरं मोजून पाहिली. तीन कॉलमात बसतो.