ब्रेक मारला की पुढून 'टक्' आवाज येतोय, काय असेल?

घाटकरी: गाडी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, हल्ली ब्रेक दाबला की पुढून डावीकडून एकदाच टक् असा आवाज येतो, मग रिव्हर्स घेऊन परत ब्रेक मारला की पुन्हा एकदा. गॅरेजवाला म्हणतो ब्रेक पॅड बदला, पण पॅड तर दिवाळीतच नवीन टाकलेत.

जुनीगाडी: पॅड झिजले तर किरकिर, घासल्यासारखा आवाज येतो हो, टक् नाही येत. दिशा बदलली की एकदाच वाजतंय म्हणजे काहीतरी पुढे-मागे सरकतंय. माझा संशय लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशवर, म्हणजे तिथल्या रबरी सांध्यावर. गाडी जॅकवर नको, चाकं जमिनीवरच ठेवून गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या आणि आर्मच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवून बघा, रबर फाटलं असेल तर आर्म सरळ खेळताना दिसेल.

स्पॅनर१४: बुश नंतर बघा, आधी कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बोल्ट चेक करा!! पॅड बदलताना कोणी नीट टाईट केले नसतील तर अस्साच आवाज येतो आणि ते डेंजर आहे, तोवर घाटात नेऊ नका. पॅडच्या क्लिपा बसवल्यात का तेही बघा, बरेच जण त्या फेकूनच देतात.

घाटकरी: बोल्ट टाईट, क्लिपा पण आहेत. बुशचं रबर मात्र पार सुटलंय. नुसता बुश टाकू की अख्खा आर्म?

जुनीगाडी: बॉल जॉइंटपण (आर्मचा चाकाकडचा सांधा) ढिला असेल तर आर्मच घ्या. नाहीतर बुश प्रेसवर बसवून घ्या, हातोड्याने ठोकू देऊ नका. आणि नंतर चाकांची अलाइनमेंट कराच.