गोरा शीख झाला तर पगडीचं दुसरं टोक कोण धरणार?

लेस्टरची काकू:
काल 'सडेतोड सांगलीकर' यांनी ठोकून दिलं की शीख धर्म हा पंजाब्यांचा घरगुती मामला आहे, गोऱ्यांना लंगरात पोटभर जेवू घालतात पण आपलं म्हणत नाहीत. वाचून डोकं फिरलं. दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

१६९९ साली आनंदपूरला गुरु गोविंदसिंगांनी खालसा पंथ काढला तेव्हा जे पाच जण (पंज प्यारे) पुढे आले, त्यांतला लाहोरचा एक सोडला तर बाकीचे हस्तिनापूर, द्वारका, जगन्नाथपुरी आणि आपल्या शेजारच्या बिदरचे. बिदरचे साहिबसिंग तर न्हावी. गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, स्वच्छ लिहिलंय की अमृत (खालसा दीक्षा) घ्यायला देश, जात, आधीचा धर्म काही आड येत नाही. हरमंदिर साहिबला (सुवर्णमंदिराला) चारही दिशांना चार दारं उगाच आहेत का?

आमच्या भागात एक स्कॉटिश इलेक्ट्रिशियन आहे. गुरुद्वाऱ्याच्या लंगरातला फ्यूज उडाला म्हणून आला, चहा प्यायला, पुढच्या रविवारी परत आला. तीन वर्षं कांदे सोलले. ऐंशीच्या एका बीबीजींनी त्याला लहान पोराच्या पाटीवर 'ऊडा, ऐडा, ईडी' ही गुरमुखीची पहिली अक्षरं गिरवायला लावलं. गेल्या वैशाखीला त्याने अमृत छकलं, म्हणजे दीक्षा घेतली. पगडीच्या लांब कापडाची पूणी करायची, म्हणजे ते ताणून घड्या घालायच्या, तर समोरून टोक ताणून धरायला दुसरं माणूस लागतं. हा घरी एकटा. टोक दाराच्या मुठीला बांधतो आणि घड्या घालतो. स्वतःच हसत सांगतो. बंद दारावर कुणी इतका जीव लावतं?

सडेतोड सांगलीकर:
काकू, माझी केस तुम्हीच लढवलीत, फी पाठवून देतो. तीन वर्षं कांदे सोलले आणि शेवटी जोडीला कोण, तर दाराची मूठ!

पंगतीत बसवणं वेगळं, सोयरीक वेगळी. मी लंडनच्या साउथॉलला दोन वर्षं काढलीत. गुरुद्वाऱ्यात कथा (प्रवचन) पंजाबीत, सूचना पंजाबीत, कमिटीच्या निवडणुकीतल्या शिव्याही पंजाबीत. गोरा माणूस मत्था टेकून परशाद घेतो आणि भिंतीला टेकून बसतो, कारण पुढचा तासभर त्याला ओ की ठो कळत नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर २०१६ मध्ये इंग्लंडातच लेमिंग्टन स्पाला एका मिश्र लग्नावरून निदर्शकांनी गुरुद्वारा अडवला, ५५ जणांना अटक झाली. ते विसरलात?

लेस्टरची काकू:
त्या लग्नात एक जण शीख नव्हता आणि व्हायचंही नव्हतं. भांडण आनंद कारज (शीख लग्नविधी) कुणाचा यावर होतं. धर्म स्वीकारलेल्याचा तिथे संबंध काय? दोन भांडी एकाच चुलीवर चढवू नका. आणि तुमच्या सांगलीत कीर्तनकार इंग्रजीत निरूपण करतात वाटतं?

पश्चिमकिनारा:
गोरे शीख म्हटलं की मला कॅलिफोर्निया आठवतो आणि तोंड कडू होतं. योगी भजन १९६८ मध्ये आधी कॅनडात आणि मग लॉस एंजेलिसला आले, १९६९ मध्ये थ्रीएचओ ही आपली संस्था काढली. हिप्पी पोरं कुंडलिनी योग शिकायला आली आणि पांढरे कपडे, पांढरी पगडी घालून शीख होऊन बसली. बायकांनासुद्धा पगडी. पंजाबी शीख बघत राहिले, हे काय आपल्यातलं नाही! २००४ मध्ये ते गेले. २०२० मध्ये संस्थेनेच नेमलेल्या चौकशीत निष्कर्ष निघाला की लैंगिक गैरवर्तनाचे बरेचसे आरोप खरे असण्याचीच शक्यता जास्त.

माझी मावसबहीण अशाच एका योगवर्गातून पगडीपर्यंत पोचली. (कुठला वर्ग ते विचारू नका, सांगणार नाही.) आठ वर्षांनी बाहेर पडली तेव्हा तिला कळलं की आपल्याला शीख धर्म माहीतच नव्हता, फक्त एक गुरू माहीत होता. पहिल्यांदा साध्या गुरुद्वाऱ्यात गेली तर एका आजींनी तिच्या हातात लाटणं दिलं, बास. नाव नाही, गाव नाही. ती रडली. आता सांगलीकर, हे स्वागत की नाही?

सडेतोड सांगलीकर:
लाटणं म्हणजे स्वागत हे मान्य. लाटण्यापलीकडे काय, हा प्रश्न आहे.

विदर्भी बाणा:
गोऱ्यांचं कसलं कौतुक करताय? आपल्या लोकांचं काय झालं ते बघा. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली, १९३६ च्या एप्रिलात अमृतसरच्या शीख मिशन परिषदेला गेले. मुंबईचं खालसा कॉलेज १९३७ चं, ते त्याच काळातल्या घडामोडीतून उभं राहिलं. मग १९५६ ला नागपूरला दीक्षा कुठली घेतली? बुद्धाची. का घेतली, विचार करा. मजहबी शिखांचं (दलितांतून शीख झालेल्यांचं) पंजाबात काय होतं ते बघून कुणीही विचार बदलेल.

लेस्टरची काकू:
बाबासाहेबांना या धाग्यात ओढायची काही गरज नव्हती. त्यांनी शीख मार्ग का सोडला याला राजकीय बाजूही होती. सगळं जातीवर ढकलू नका.

विदर्भी बाणा:
गरज नव्हती?? ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी आणला की गरज नसते, तुम्ही नामदेव आणले की गरज असते. २००९ मध्ये व्हिएन्नात रविदासिया (संत रविदासांना मानणाऱ्या दलित समाजाच्या) मंदिरात त्यांचे संत रामानंद यांच्यावर हल्ला झाला, त्यात ते गेले. त्यानंतर २०१० मध्ये रविदासियांनी आपला धर्मच वेगळा जाहीर केला. युरोपातली गोष्ट आहे ही, तुमच्या लेस्टरपासून फार लांब नाही. तुमच्याकडे रामगढियांचा (सुतार-लोहार शिखांचा) गुरुद्वारा वेगळा, रविदासियांचा वेगळा, हे कुठल्या चार दारांतून आलं? गोऱ्याला जात नाही म्हणून त्याला कांदे सोलायला मिळाले.

पश्चिमकिनारा:
शेवटचं वाक्य जरा लागलंच.

लेस्टरची काकू:
लागायलाच लिहिलंय ते. ठीक आहे, गुरूंनी सांगितलेलं आणि लोकांनी केलेलं यात अंतर आहे. झालं समाधान?

विदर्भी बाणा:
अर्धं.

नांदेडचा सरदार:
रात्रपाळी संपवून धागा वाचला. मी नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या सावलीत वाढलो. घरी आई दख्खनी बोलते, शाळा मराठीत झाली. आमच्याकडे गुरु ग्रंथ साहिबाच्या शेजारी दसम ग्रंथाचाही (गुरु गोविंदसिंगांच्या नावाचा ग्रंथ) प्रकाश असतो, म्हणजे तोही उघडून मांडतात, चंदनाचा टिळा लागतो, झटका (एका घावात बकरा कापणं) होतो. कामानिमित्त लुधियान्याला गेलो तर तिथला एक जण म्हणाला, तुमच्याकडे मर्यादा नीट पाळत नाहीत. दुसरा म्हणाला, तू शीख आहेस तर पंजाबी अशी का बोलतोस? पगडी, कडा, केस सगळं अंगावर असताना! पिढ्यान् पिढ्या इथे काढून आम्ही अजून परीक्षा देतोय. तुमच्या स्कॉटिश माणसाला निदान चुकायची मुभा आहे, माझी चूक काढायला सगळे टपलेले.

सांगलीकर, तुम्ही निम्मे बरोबर आहात. काकूही. पण बाहेरच्याला शीख म्हणून मोजतात ती पट्टी पंजाबात बनलेली आहे, हे दोघांनीही लिहिलं नाही.

सडेतोड सांगलीकर:
निम्मा बरोबर! फ्रेम करून लावतो.

लेस्टरची काकू:
सरदारजी, तुमचं पटलं. सांगलीकरांचं नाही. आमच्या त्या माणसाला तुमचा प्रतिसाद सांगते, मराठी येत नाही पण हसेल.

नांदेडचा सरदार:
सांगा. आणि मुठीला गाठ मारू नका म्हणावं, कापड तिथेच आधी विरतं. दार उघडून टोक फटीत घालायचं आणि दार लावून घ्यायचं. पूणीआधी पाण्याचा हबका मारायचा. पगडीला सध्या फुल वॉयलचं हलकं कापड घ्या, रुबियाचं जड जातं नवशिक्याला. मी अजून तसंच करतो, बायको सकाळी सहाला उठत नाही.