तिघांच्या टीमने युनिट टेस्ट लिहाव्यात, की आधी बिल्ड सुधारावा?

घाटमाथा:
आम्ही तिघं मिळून किराणा आणि फरसाणच्या घाऊक दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, पायथन या भाषेत. 22 सप्टेंबर 2025ला जीएसटीचे दर बदलले, तूप-फरसाण 12 टक्क्यांवरून 5 वर आलं. दरांचा तक्ता आम्ही दोन दिवस आधीच बदलला होता, दोघांच्या नजरेखालून गेला होता. तरी घटस्थापनेच्या सकाळी एका दुकानदाराचा फोन: "तुपाच्या डब्याला अजून 12च लागतोय." आमच्या मूळ कोडमध्ये पाहिलं तर 5. त्यांच्या मशीनवर 12.

कारण सापडायला दुपार झाली. करगणनेचं मॉड्यूल आम्ही वेगळं पॅकेज करतो. दुकानांत टाकायचा सेटअप ज्या लॅपटॉपवर तयार झाला, त्यावर त्या पॅकेजची जुनी आवृत्ती इन्स्टॉल होती. कोड नवा, पोटात मॉड्यूल जुनं. तोवर 40च्या वर बिलं चुकीच्या दराने फाटली होती. ती दुकानदारांनी हाताने दुरुस्त केली, आणि त्यांच्यासमोर उभं राहताना मान वर होत नव्हती.

माझं मत: यापुढे कोणाच्याही लॅपटॉपवरून रिलीज नाही, आणि टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक भाग आपोआप तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, पास झाल्याशिवाय मुख्य ब्रांचमध्ये, म्हणजे आमच्या सामाईक कोडमध्ये, काही जाणार नाही. एका सहकाऱ्याला पहिली गोष्ट मान्य आहे, दुसरी नाही. तो म्हणतो तिघांना टेस्ट परवडत नाहीत. तुमचा अनुभव काय?

तिसरीघंटा:
तुमच्या सहकाऱ्याशी सहमत. तुम्हीच सांगितलेली चूक बघा: कोड बरोबर होता. म्हणजे युनिट टेस्ट असत्या तरी त्या तुमच्या मशीनवर हिरव्याच (पास) दिसल्या असत्या. रोग बिल्डचा, म्हणजे कोडपासून सेटअप बनवण्याचा आहे, औषध टेस्टचं कशाला?

मी बारा वर्षं ठरलेल्या रकमेची कामं घेतोय. एका प्रोजेक्टला आम्ही मोठ्या हौसेने टेस्ट लिहिल्या. डेटाबेसच्या जागी मॉक (नकली बदली), ईमेलच्या जागी मॉक. मग ग्राहकाने एका टेबलात एक कॉलम वाढवायला सांगितला आणि 60 टेस्ट लाल झाल्या. दोन दिवस त्या सरळ करण्यात गेले आणि त्यातून एकही खरी चूक बाहेर आली नाही. त्या दोन दिवसांचे पैसे कोणी दिले नाहीत. लहान टीमचा वेळ ही खरी किंमत आहे, ती हिशेबात धरा.

सुईदोरा:
बिल्डबद्दल तिसरीघंटा बरोबर बोलतायत. हा रोग जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये 1976 साली 'मेक' हे बिल्डचं साधन लिहिलं तेच अशा प्रसंगावरून. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात गेली होती. प्रोग्राम दुरुस्त झालेला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच, म्हणजे मशीनच्या भाषेत तयारच, झाली नव्हती. मेकची युक्ती साधी: तयार फाइलची वेळ आणि मूळ फाइलची वेळ ताडून बघायची, मूळ नवी असेल तर परत बनवायचं.

पण मेकला सांगितलेलं तेवढंच मेक बघतं. घाटमाथांच्या लॅपटॉपवरचं जुनं पॅकेज त्या यादीतच नसतं, म्हणून ते सुटलंच असतं. खरा उपाय म्हणजे रिकाम्या जागेत कोडचा ताजा क्लोन (प्रत), नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेससाठी वेगळी कोरी जागा), प्रत्येक पॅकेजची आवृत्ती फाइलमध्ये पक्की लिहिलेली, आणि एकच कमांड. नवा माणूस पहिल्या दिवशी ती कमांड देऊन सेटअप बनवू शकला नाही, तर बिल्ड अजून कोणाच्या तरी डोक्यात आहे असं समजा.

टेस्टच्या बाबतीत मात्र मी असहमत. घाटमाथा, तुम्ही पायथन वापरता ना? तर 250 रुपयांचं फरसाण गोव्याला पाठवलंत असं धरा. आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) 5 टक्के, म्हणजे 12 रुपये 50 पैसे. जीएसटी कायद्याचं कलम 170 म्हणतं, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरा. म्हणजे 13. पायथनचं राउंड बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून 12 देतं. वेबवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड 13 देतं. म्हणजे तुमचा वेबवरचा रिपोर्ट आणि दुकानातलं बिल यांत एक रुपया फरक. डोळ्यांनी तपासताना तुम्ही 100, 200, 1000 असे गोल आकडे घालता, त्यात हे कधीच दिसत नाही. तीन ओळींची टेस्ट हे कायमचं पकडून ठेवते.

तिसरीघंटा:
सुईदोरा, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलतंय. ती टेस्ट लिहायला कलम 170 माहीत असावं लागलं. ज्याला नियम माहीत नाही तो टेस्टमध्येही 12च लिहील, आणि हिरवा दिवा बघून निवांत झोपेल. चुकीची समजूत कोडमध्ये एकदा असते, टेस्ट लिहिली की ती दोनदा लिहिली जाते.

तेच फरसाण कोल्हापूरहून सांगलीला पाठवा. आता केंद्राचा सीजीएसटी अडीच टक्के, राज्याचा एसजीएसटी अडीच टक्के, प्रत्येकी 6 रुपये 25 पैसे. वेगवेगळे राउंड केले तर 6 आणि 6, एकूण 12. कोणी आधी एकूण 13 करून मग अर्धं केलं, तर साडेसहाचे सात, म्हणजे 14. तुमच्या तीन ओळींत हे कुठे आहे?

सुईदोरा:
नव्हतं, कबूल. पण हा प्रश्न तुम्हाला कधी पडला? अपेक्षित आकडा लिहायची वेळ आली तेव्हाच ना? कोड लिहिताना "कर काढ, राउंड कर" एवढ्यावर हात पुढे जातो. टेस्टमध्ये "उत्तर किती यायला हवं?" हे आधी ठरवावं लागतं. नियम माहीत नसेल तर तिथे माणूस अडतो आणि विचारायला जातो. मला टेस्टचं मोल तिथे वाटतं.

वेळेचं म्हणाल, तर केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997मध्ये जेयुनिटची, म्हणजे जावा भाषेतल्या टेस्टच्या चौकटीची, सुरुवात झुरिक ते अटलांटा विमानप्रवासात केली. मूळ चौकट एवढी लहान असते. महाग असतात ते मॉक, आणि करगणनेला मॉक लागत नाहीत: आकडे आत, आकडे बाहेर.

वडाचापार:
दोघांच्या मधली एक गोष्ट राहतेय: तयार झालेला सेटअप पोचतो कसा? 2012मध्ये अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहारांच्या कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने टाकला, त्यातल्या एकावर टाकायचा राहिला. 1 ऑगस्टला त्या एकावरचा जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला भाग जागा झाला आणि साधारण 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. घाटमाथा, आज कुठल्या दुकानात कुठली आवृत्ती चालू आहे, हे फोन न करता सांगता येतं का? बिलाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक छापा. बिल्डनेच तो घालायचा, माणसाने नाही.

घाटमाथा:
सगळ्यांचे आभार. आठवडाभरात काय झालं ते सांगतो.

बिल्ड आता एका स्वच्छ मशीनवरच होतो. पहिले तीन दिवस तो फक्त पडत होता, कारण दोन फाँट आणि प्रिंटरची एक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, कधी आलीच नव्हती, माझ्याच लॅपटॉपवर होती. आवृत्ती क्रमांक बिलावर आला.

250 रुपयांच्या दोन्ही टेस्ट लिहिल्या. आयजीएसटीची लगेच लाल झाली: आमचा कोड 12 देत होता. राज्यातल्या बिलासाठी दुकानदाराच्या सीएंना विचारलं. ते म्हणाले, केंद्राचा आणि राज्याचा कायदा वेगळा, म्हणून प्रत्येक कर वेगळा राउंड करा. म्हणजे 6 आणि 6. सगळीकडे डेसिमल (अचूक दशांश आकडे) आणि राउंड हाफ अप (अर्धा असेल तर वर) केलं. टेस्ट फक्त करगणना आणि दरांच्या तक्त्याला ठेवल्या, बिलाची छपाई डोळ्यांनीच तपासणार. शिवाय तयार सेटअप इन्स्टॉल करून तुपाच्या एका डब्याचं बिल काढायचं आणि 5 टक्के दिसतात का बघायचं, हेही बिल्डमध्येच घातलं. सप्टेंबरची चूक यात अडकली असती.

तिसरीघंटा, पुढच्या महिन्यात आम्ही स्टॉकच्या भागाला हात घालणार, तिथे डेटाबेस आहे. तुमच्या त्या 60 टेस्टचं शेवटी काय केलंत?

तिसरीघंटा:
मॉक सगळे काढले. प्रत्येक टेस्टला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस प्रोग्रामचा तात्पुरता डेटाबेस, त्यात खरी टेबलं, खऱ्या क्वेरी. 60च्या 11 उरल्या. त्या अजून चालू आहेत.