मदत हवी आहे: बोटीचा ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, ब्रेकचं काय करू?

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी एक जुनी फायबरची बोट घेतली. १७ फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन आणि सोबत एका आसाचा ट्रेलर. विकणारा म्हणाला होता, "कुठलीही मोठी गाडी आरामात ओढेल." ओढते, हे खरं आहे. पण थांबताना गेल्या आठवड्यात पोटात गोळा आला.

उतारावर पुढचा सिग्नल लाल झाला. नेहमीच्या अंतरावर ब्रेक दाबला, तर कोणीतरी मागून खांदा लावून ढकलत असल्यासारखी गाडी पुढेच सरकत राहिली. थांबलो ते पट्टी ओलांडून, अर्धी गाडी पुढे. तेव्हा कोणी रस्ता ओलांडत नव्हतं म्हणून निभावलं. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. त्याच दिवशी ८० च्या वेगात असताना शेजारून एक ट्रक गेला आणि ट्रेलरने दोन-तीन झोके घेतले. त्यानंतर बोट अंगणातच उभी आहे.

जे मोजता आलं ते मोजून आणलंय. बोटीच्या कागदावर वजन ६२० किलो आहे, आणि मी आजवर तेवढंच धरून चाललो होतो. वजनकाट्यावर बोटीसकट ट्रेलर भरला १,२९० किलो! गाडीच्या पुस्तकात लिहिलंय: ब्रेक असलेला ट्रेलर १,५०० किलोपर्यंत, बिनब्रेकचा ७०० पर्यंत, आणि टो बॉलवरचा (गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात, त्याच्यावरचा) भार जास्तीत जास्त ७५ किलो.

ट्रेलरला सर्ज ब्रेक आहेत, ड्रमवाले. पण काल खाली वाकून बघितलं, तर कपलरची (ट्रेलरच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या जोडाची) जी नळी आत-बाहेर सरकायला हवी तिच्यात आरपार बोल्ट घालून ठेवलाय. हा बोल्ट कशासाठी? हेच ब्रेक दुरुस्त करू की इलेक्ट्रिक बसवू? आणि मुळात माझी गाडी या कामाची आहे का?

<b>पहिला प्रतिसाद</b>

आधी बोल्टबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. सर्ज ब्रेकला गाडीच्या पेडलचं काही कळत नाही. तुम्ही वेग कमी करता, ट्रेलर गाडीवर रेलतो, त्या रेट्याने कपलरची नळी आत सरकते आणि ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर दाबला जातो. मग ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. रिव्हर्समध्ये, विशेषतः चढावर, हाच रेटा बसतो आणि चाकं जाम होतात. आधीच्या मालकाला त्याचा वैताग आला असणार, म्हणून बोल्ट ठोकून त्याने नळीच बंद केली. म्हणजे तुम्ही आजवर १,२९० किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर ओढत होता आणि तुमच्या गाडीची मर्यादा आहे ७००. कृपा करून दुरुस्ती होईपर्यंत तो रस्त्यावर काढू नका, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.

रिव्हर्सचा त्रास घालवायला बोल्ट लागत नाही. कपलरवर एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बसतो, त्याची तार गाडीच्या रिव्हर्स दिव्याला जोडतात. रिव्हर्स टाकला की तो ब्रेकच्या तेलाची वाट अडवतो. त्यासाठी गाडी आणि ट्रेलरच्या तारा जोडणारा पाच पिनांचा प्लग लागेल, चार पिनांचा पुरत नाही.

वजनाचं कोडं सोपं आहे. कागदावरचं वजन नुसत्या सांगाड्याचं असतं. त्यात इंजिन नाही, बॅटऱ्या नाहीत, नांगर-दोर नाहीत आणि ट्रेलरही नाही. ९० लिटर पेट्रोल म्हटलं तरी ६५ किलोंच्या वर जातं. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, त्यावरून अंदाज घ्या.

गाडी चालेल, पण घासून चालेल. बॉलवरचा भार गाडीच्या सामानातच धरतात. पाच माणसं, मागे शीतपेटी आणि वर ट्रेलर असं केलंत तर मागचा आस ओव्हरलोड होईल. शिवाय गाडी, हिच (गाडीला बसवलेली, बॉल धरणारी चौकट) आणि बॉल या तिघांवर वेगवेगळे आकडे असतात. त्यातला सगळ्यात छोटा आकडा तुमचा.

<b>दुसरा प्रतिसाद</b>

झोके का आले ते बघूया. बॉलवर प्रत्यक्ष किती भार येतो ते मोजलंत का? घरचा वजनकाटा पुरतो. एक मजबूत फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा. कपलरचा जॅक फळीवर अशा जागी टेकवा की विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतर राहील. काटा जे दाखवेल त्यातून नुसती फळी ठेवल्यावर काट्याने दाखवलेला आकडा वजा करा आणि तीनने गुणा.

<b>धागाकर्ता</b>

मोजलं. जेमतेम ३० किलो!

<b>दुसरा प्रतिसाद</b>

तिथेच गडबड आहे. नाक हलकं असलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार धरतात, पण तुमच्या गाडीला ७५ ची मर्यादा आहे, म्हणून ६५ ते ७० वर आणा. विंच पोस्ट (बोटीचं नाक जिथे टेकतं तो ट्रेलरवरचा खांब) पुढे सरकवून बोट पुढे घ्या, नांगर आणि बॅटऱ्या पुढे हलवा. टाकी मागे असेल तर ती भरलेली असताना पुन्हा मोजा. पुन्हा झोका आलाच, तर ब्रेकवर पाय मारू नका आणि वेगही वाढवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलर आपोआप शांत होतो.

इलेक्ट्रिकबद्दल: कॅराव्हॅनला उत्तम. तिथे चालकाच्या हाताशी कळ असते आणि ती दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून झोका मोडता येतो. पण बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, आणि खाऱ्या पाण्यात ड्रममधले चुंबक आणि तारा गंजून जातात. तुमच्या वजनाला सर्जच बरे. ड्रम उघडल्यावर आतलं सगळं खाऱ्याने खाल्लेलं निघालं, तर लायनर-सिलिंडर बदलत बसण्यापेक्षा डिस्कच बसवा. डिस्क उघड्या असतात, नीट धुतल्या जातात आणि लवकर सुकतात.

सर्जची एक खोड लक्षात ठेवा. लांब उतारावर ट्रेलर सतत रेलून राहतो, म्हणून त्याचे ब्रेक सतत घासत तापतात. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरा, मध्ये थांबून गार होऊ द्या. आणि ८० ऐवजी ६० ने गेलात, तर थांबवायची ऊर्जा जवळपास निम्मी होते.

<b>धागाकर्ता</b>

दोघांचे मनापासून आभार. बोल्ट आजच काढला, नळी गंजून अडकलीच आहे. ड्रम उघडायला दिलेत. एक शेवटचं: कपलरवर एक बारीक वायरही लोंबतेय, ती सेफ्टी चेनमध्येच अडकवायची का?

<b>पहिला प्रतिसाद</b>

नाही, ती वेगळी. ट्रेलर सुटला तर ती वायर ताणली जाऊन त्याचे ब्रेक लावते, म्हणून ती थेट गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा, बॉलला किंवा चेनला नको. चेन मात्र कपलरखाली एकमेकींवर फुली करून बांधा, म्हणजे नाक सुटलं तरी जमिनीवर आपटण्याआधी त्यांच्या झोळीत पडेल.

ड्रम उघडलेच आहेत तर व्हील बेअरिंगही बघून घ्या. तापलेला हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, ग्रीसचं वाटोळं होतं. बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर पोचल्यावर हबवर हात ठेवून बघा, गरम असेल तर थांबा. बोट काढून परत निघताना ब्रेक ओले असतात. मोकळ्या जागेत दोन-चारदा हलकेच दाबून वाळवा, मगच मोठ्या रस्त्याला लागा.